श्वासाची काटकसर

लेकीचा फोन आला तेव्हा मी भोपळ्याचे घारगे तळत होते, म्हणून फोन यांनी घेतला. बराच वेळ नुसतं "हं, हं" चाललं होतं. मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन हे म्हणाले, "तुझी लेक मेक्सिकोला बोलावतेय. सुट्टीला. तिथे जमिनीखाली पाण्याने भरलेल्या गुहा आहेत. पाठीवर हवेची टाकी बांधून ती त्यात उतरते. आपण काठावर बसायचं आणि ती वर आली की टाळ्या वाजवायच्या."

मी झारा तेलातून काढला आणि म्हटलं, "टाळ्या तुम्ही वाजवा. मी आत जाणार."

"घारगा जळतोय," हे एवढंच म्हणाले आणि गेले.

आता साठी उलटलेल्या बाईने असं एकदम का म्हणावं, ते सांगायला हवं. माझं माहेर धायरीचं. धायरी तेव्हा गाव होतं, सिंहगड रस्त्याला फाटा फुटायचा आणि दोन्ही बाजूंना शेतं. आमच्या मळ्यात मोठी चौकोनी विहीर होती. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पाठीला पांगाऱ्याचा ओंडका बांधून मला त्यात ढकललं आणि पोहायला शिकवलं. पांगारा हलका, तो बुडू देत नाही. आठवडाभरात ओंडका सुटला आणि मग मी काही विहिरीबाहेर निघेना. भाऊ वरून पितळी तांब्या टाकायचे, मी तळाशी जाऊन आणायची. इतका वेळ खाली राहायची की आई काठावर येऊन बोंबा मारायची. आण्णा मोट दुरुस्त करता करता शांतपणे म्हणायचे, "काय होत न्हाय तिला. दम हाय पोरीच्यात." माझ्या आयुष्यात मला मिळालेलं ते पहिलं प्रमाणपत्र, आणि बरीच वर्षं एकमेवच. शाळा सातवीला सुटली. पुढचं सगळं वाणसामानाच्या पुडीचे कागद वाचून, नंतर लेकीच्या पुस्तकांतून, असं माझं मीच शिकले.

लग्न होऊन कोथरूडला आले आणि पोहणं संपलं. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये कसली विहीर? सोसायटीत मी पुरणपोळीसाठी आणि न थांबता बोलण्यासाठी प्रसिद्ध होते. मला पाण्यातलं काही येतं हे कुणाच्या गावीही नव्हतं. त्यामुळे पाण्याने भरलेली गुहा हे शब्द कानावर पडले आणि माझ्या पायांच्या पोटऱ्यांना आपोआप काहीतरी झालं. दुसरं कारण नाही.

लेक आधी घाबरली. "आई, विहिरीत बुडी मारणं वेगळं. इथे डोक्यावर दगडाचं छत असतं. घाबरलीस तरी सरळ वर येता येत नाही. आलेल्या वाटेनेच परत जावं लागतं."

"मग येईन आलेल्या वाटेने."

"त्याला शिक्षण लागतं."

"मग शिकव."

शेवटी तिने अट घातली. पुण्यात शिकायचं, मालवणच्या समुद्रात उतरून पहिली परीक्षा द्यायची, आणि मेक्सिकोत तिची शिक्षिका पुढचं शिकवून "हो" म्हणाली तरच गुहेत. ही गुहाही लहान नाही. तिला दोन तोंडं. एका तोंडातून आत शिरायचं, दगडाखालून पोहत जायचं आणि जंगलात दुसऱ्याच ठिकाणी वर यायचं. मला ते दुसरं तोंड हवं होतं. जिथून गेलो तिथूनच वर यायचं तर विहीर काय वाईट होती?

सगळ्यात आधी डॉक्टरांचा दाखला. आमचे डॉक्टर जुने, यांना आणि मला दोघांनाही नखशिखान्त ओळखणारे. "कशासाठी हवाय?" त्यांनी विचारलं.

"गुहेत बुडी मारायला."

डॉक्टरांनी यांच्याकडे बघितलं.

"माझ्याकडे बघू नका," हे म्हणाले. "मी रिक्षाचे पैसे द्यायला आलोय."

मग कान तपासले, छाती तपासली, फिरत्या पट्ट्यावर पळवलं. डॉक्टर म्हणाले, "वहिनी, तुमचं हृदय साहेबांपेक्षा उत्तम आहे."

"हे मी लग्नापासून सांगतेय," मी म्हटलं.

तलावावर शिकवणारा मुलगा माझ्या भाच्याच्या वयाचा होता. पहिल्याच दिवशी त्याने बजावलं, "काकू, एकच नियम लक्षात ठेवा. टाकीतून श्वास घेताना तो कधीही रोखायचा नाही. वर येताना छातीतली हवा फुगते. रोखली तर छातीच फुग्यासारखी फुटायची पाळी." मी मान डोलावली. नियम मला पटला. वर येताना मी श्वास सोडतच यायची, अगदी शहाण्यासारखी. खाली असताना काय करत होते, ते त्यालाही कळलं नाही आणि मलाही नाही.

पोहायचा पोशाख हा एक वेगळाच अध्याय झाला. तो रबरी वेटसूट अंगात चढवणं म्हणजे उशीच्या अभ्र्यात लोड घालणं. तलावावरच्या दोघी बायका एका बाजूने ओढायच्या, मी दुसऱ्या बाजूने उड्या मारायची. आमच्या मजल्यावरच्या शेजारीणबाई एकदा कौतुकाने बघायला आल्या आणि म्हणाल्या, "अहो, पण या वयात हे कशाला?" मी म्हटलं, "पुढच्या वयात चढणार नाही म्हणून."

मालवणला समुद्रात चार वेळा उतरले. वर आल्यावर दरवेळी डोकं ठणकत होतं, पण बोटीतल्या निम्म्या लोकांचं डोकं ठणकत होतं. बोट लागते म्हणतात ना, ते असेल. परीक्षा पास झाले. माझ्या फोटोचं कार्ड आलं. हे चष्मा वर करून बघत म्हणाले, "फोटो रेशनकार्डापेक्षा बरा आलाय."

आणि मग आम्ही गेलो. विमानाचं काही सांगत नाही, ते सगळ्यांचं सारखंच असतं. लेकीने दोन आठवड्यांची रजा काढली होती. मेक्सिकोत ती नोकरी करते त्या शहरातून आम्ही पुन्हा दुसऱ्या विमानाने त्या जंगलाच्या बाजूला गेलो. सपाट जमीन, दाट झाडी, आणि चालता चालता मध्येच जमिनीला मोठं भोक. त्यात उतरायला लाकडी पायऱ्या. खाली निळं पाणी. इतकं स्वच्छ, की पाणी आहे हे पान पडून तरंग उठले तेव्हाच मला कळलं. तिथे या भोकांना सेनोते म्हणतात. आजूबाजूच्या झाडांची मुळं लांब दोरांसारखी दगडातून पाण्यापर्यंत उतरलेली. मी वाकून हात घातला. गार. माझं हसू मावेना.

"आई, अजून काहीच केलं नाहीस तू," लेक म्हणाली.

"मला कळतंय गं. हसू दे."

शिक्षिका आमच्या लेकीच्या ओळखीची, पन्नाशीची, पिकलेली लांब वेणी पाठीवर सोडलेली. मला सेन्योरा, म्हणजे तिकडच्या भाषेत बाई, म्हणायची. तिचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी दोन्ही स्वकमाईची असल्यामुळे आमचं छान जमलं. मी तिला बाईच म्हणत होते, तिलाही ते आवडलं.

पहिला दिवस पाण्याबाहेर. बाईंनी झाडाझाडांतून एक पांढरी दोरी बांधली. गुहेत अशीच दोरी असते. उजेड गेला, पाणी गढूळ झालं, तर ती हातात धरून बाहेर यायचं. मला डोळ्यांवर पट्टी बांधून सांगितलं, दोरी सोडायची नाही, ओढायची नाही, नुसती अंगठा आणि बोटाच्या वेढ्यात ठेवून चालायचं. मी चाचपडत निघाले. या झाडाला वळसा, त्या झाडाला वळसा. मागून यांचा आवाज आला.

"वटपौर्णिमेला कधी एवढ्या भक्तीने दोरा धरला नाहीस."

मी पट्टीआडून म्हटलं, "त्या दोऱ्याने तुम्ही मिळता. या दोऱ्याने मी परत मिळते."

लेकीने ते बाईंना समजावून सांगितलं. बाई खूप हसल्या, आणि तरी त्यांनी मला तीच फेरी पुन्हा करायला लावली, का तर मी बोलण्याच्या नादात एक गाठ चुकले होते.

संध्याकाळी नियम. हवेचे तीन भाग करायचे. एक जायला, एक यायला, आणि तिसरा राखीव. तो आपला नाहीच, सोबतच्याला गरज पडली तर त्याचा. हे मला लगेच कळलं. कणीक मळताना एका माणसाची जास्त मळायची, तसंच. दुसरा नियम, कुणीही, कधीही, कुठल्याही कारणाने अंगठा वर केला की सगळ्यांनी परत फिरायचं. कारण विचारायचं नाही. वाद घालायचा नाही. तिसरा, मोठा टॉर्च गेला की परत. जवळ आणखी दोन छोटे असले तरी परत.

दुसऱ्या दिवसापासून पाण्यात सराव. नुसता तोंडाजवळ, जिथे वर मोकळं आभाळ होतं. पोहणं, तरंगणं, तळाचा गाळ न उडवता पाय मारणं, सगळं मला जमत होतं. वर आल्यावर बाई माझ्या टाकीचा काटा बघायच्या आणि चकित व्हायच्या. "सेन्योरा, तुमची हवा इतकी उरते कशी?"

"पुण्याची आहे मी," मी ऐटीत म्हणाले.

खोटं नाही सांगत, मला वाटलं आता ही मला मेडलच देणार. गॅसचा सिलिंडर शेजारणीपेक्षा तीन आठवडे जास्त पुरवणारी बाई मी. टूथपेस्टची ट्यूब कात्रीने कापून आतली काढणारी. दुधाची पिशवी विसळून ते पाणी चहात घालणारी. फुकट हवा असली म्हणून काय झालं, पाठीवर टाकीत भरून दिलीय म्हटल्यावर ती जपूनच वापरली जाणार.

पण डोकं. त्या दिवशी ठणकलं, दुसऱ्या दिवशी त्याहून जास्त. इथे तर बोट नव्हती. बाईंचा चेहरा गंभीर झाला. त्यांनी स्पष्ट सांगितलं, "डोकं दुखणाऱ्या माणसाला मी दगडाखाली नेत नाही. उद्याही दुखलं तर तुम्ही वर बसायचं. मला वाईट वाटेल, पण वर बसायचं."

आम्ही तिथेच झाडीत लाकडी बाकावर जेवायला बसलो होतो. मक्याच्या पोळ्या आणि काळ्या घेवड्याची उसळ. माझा घास तोंडात फिरत होता. एवढं पट्ट्यावर पळाले, एवढं रबर अंगावर चढवलं, आणि आता टाळ्या वाजवायच्या?

"उन्हाने असेल," मी म्हटलं.

"आई, आपण झाडाखाली आहोत," लेक म्हणाली.

हे उसळीत पोळी बुडवत म्हणाले, "इतका वेळ तोंड बंद ठेवलंय तिने. लग्नानंतर पहिल्यांदाच. डोकं दुखणारच."

कुणी हसलं नाही. यांनी पोळी खाली ठेवली. मग वेगळ्याच आवाजात लेकीला म्हणाले, "मला एक सांग. हिचे बुडबुडे का येत नाहीत?"

"कसले बुडबुडे, बाबा?"

"मी वर पाण्याकाठच्या फळीवर बसतो. दुसरं काय बघणार? तुझे बुडबुडे येतात, तुझ्या बाईंचे येतात, सारखे येत राहतात. हिचे एकदा येतात आणि मग येतच नाहीत. मी म्हणतो, आता येतील. आता येतील. मग येतात. परत बंद. काल मी बूट काढून ठेवले होते."

"बूट कशाला?" मी विचारलं.

"उडी मारायला."

"तुम्हाला पोहता कुठे येतं?"

"ते बूट काढल्यावर आठवलं."

हा माणूस दोन दिवस फळीवर बसून वर्तमानपत्र वाचतोय असं मला वाटत होतं.

लेकीने घाईघाईने बाईंना सांगितलं. बाई उठून माझ्यासमोर येऊन बसल्या. "खाली तुम्ही श्वास कसा घेता? आत्ता घेऊन दाखवा." मी दाखवला. छातीभर घेतला, आत दाबून धरला, धरला, धरला, आणि मग थोडा थोडा सोडला. विहिरीत शिकलेला दम, आणि त्यावर कोथरूडच्या स्वयंपाकघराची काटकसर.

"असं का करता?"

"हवा उरते ना!"

बाईंनी कपाळाला हात लावला. तिकडेही तसाच लावतात, मला नवल वाटलं. मग त्यांनी शांतपणे समजावलं, की श्वास दाबून धरला की वापरलेली घाण हवा आतच साठते, ती डोक्यात चढते, आणि डोकं नुसतं दुखत नाही, मंद होतं. मंद डोक्याने गुहेत चुकीचे निर्णय घेतले जातात. "हवा परत आणल्याबद्दल इथे बक्षीस नाही, सेन्योरा. तुम्ही परत यायचं असतं. हवा नाही."

सांगायला सोपं. पण पन्नास-पंचावन्न वर्षांची सवय. पाणी डोक्यावरून गेलं की माझी छाती आपोआप कुलूप लावून घ्यायची. लक्ष होतं तोवर मी सोडत राहायची, लक्ष गेलं की बंद. बाई म्हणाल्या, गाणं गुणगुणा. गुणगुणताना श्वास सुटतच राहतो. मी आईची जात्यावरची ओवी सुरू केली, तर दुसऱ्याच ओळीला आई इतकी आठवली की मास्कमध्ये आतूनच पाणी भरलं. वर यावं लागलं.

तेव्हा लेक म्हणाली, "आई, गाणं राहू दे. तू बोल."

"कुणाशी?"

"कुणाशीही. एरवी विचारतेस का? तोंडात नळी असली तरी आवाज काढता येतो. बोलत राहा. श्वास घ्यायला थांब आणि पुन्हा बोल."

मी खाली गेले आणि बोलायला लागले. आधी संकोच वाटला. मग सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवरून गेल्या सभेत काय काय झालं ते सांगायला घेतलं, आणि मग मी थांबतेय कुठली! मधे कुणी तोडणारं नाही, "हे मागच्या वेळी सांगितलंस" म्हणणारं नाही. एक मासा तोंडासमोर आला, त्याला पुरणाचं प्रमाण सांगितलं. शब्द काही कळत नव्हते, नुसती गुडगुड, पण बुडबुड्यांची माळच्या माळ वर चालली होती. त्या माळेकडे बघताना मला एकदम जाणवलं की खाली येऊन इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं. विहिरीत मी नेहमी वर कधी जायचं याच्या हिशेबात असायची. इथे तो हिशेबच नव्हता. घ्या, सोडा, घ्या, सोडा. देवाने दिलेली गोष्ट पहिल्यांदाच उधळून वापरत होते.

वर आले. काटा बघितला. सगळ्यांइतकीच हवा खर्च झाली होती. जिवाला जरा चुटपुट लागली. पण डोकं स्वच्छ, शिकेकाईने न्हाऊन उठल्यासारखं.

फळीवरून हे म्हणाले, "आज बरंच बोललीस."

"कळलं का काय बोलले?"

"माझ्याबद्दलच असणार. बुडबुडे मोठे होते."

बाईंनी आणखी एक दिवस सराव घेतला आणि मग "हो" म्हणाल्या.

गुहेच्या दिवशी सकाळी यांना नीट समजावलं. आम्ही पहिल्या तोंडातून आत जाऊ, मग तुम्हाला बुडबुडे दिसणार नाहीत, कारण आम्ही दगडाखाली असू. तुम्ही जंगलातल्या पायवाटेने दुसऱ्या तोंडाशी जाऊन थांबा. आम्ही तिथे वर येऊ. यांनी सगळं ऐकून घेतलं, पाण्याची बाटली आणि माझा कोरडा टॉवेल काखोटीला मारला आणि मागे न बघता निघाले. मागे न बघता गेले म्हणजे घाबरलेत, हे मला ठाऊक आहे. आम्ही तिघी आत शिरलो. पुढे बाई, मध्ये मी, मागे लेक.

छत आलं तेव्हा एक क्षण छातीने जुनं कुलूप लावलंच. मी लगेच बोलायला लागले. "हे बघ, ही आता भिंत, ही दोरी, दोरी डावीकडे," असं स्वतःलाच सांगत चालले. टॉर्चच्या उजेडात छतातून दगडाची झुंबरं लोंबत होती. लेकीने आधी सांगितलं होतं, ती थेंब थेंब पाणी ठिबकून झालीत. म्हणजे ही गुहा कधीकाळी कोरडी होती, आणि मग सावकाश भरली. मागे पहिल्या तोंडाचा निळा उजेड पडद्यासारखा दिसत होता. पुढे एक वळण. त्या वळणापलीकडे दुसऱ्या तोंडाचा उजेड दिसतो, असं बाईंनी सांगितलं होतं.

वळण अगदी समोर आलं आणि माझ्या उजव्या बाजूच्या दगडावर पडणारा लेकीचा प्रकाश नाहीसा झाला.

मी वळून बघितलं. तिचा मोठा टॉर्च बंद पडला होता. तिने झटकन छोटा काढून पेटवला आणि मला हाताने खूण केली, चल पुढे. तिच्या डोळ्यांत मला सगळं दिसत होतं. आईचा दिवस आहे, आईने एवढं केलंय, माझ्यामुळे मोडायला नको.

वळण हाताच्या अंतरावर होतं. मला तो उजेड बघायचा होता. किती बघायचा होता ते आत्ताही लिहिता येत नाही. नियम बाईंनी सांगितला होता, आणि बाई पाठमोऱ्या पुढे होत्या, त्यांना काही दिसलं नव्हतं. डोकं स्वच्छ होतं, हे मात्र खरं. मी अंगठा वर केला.

तिने मान हलवली. पुढे बोट दाखवलं.

मी अंगठा तिच्या मास्कच्या काचेसमोर नेऊन धरला. लहानपणी ती औषध प्यायला नाही म्हणायची तेव्हा चमचा असाच धरायची मी. मग तिने डोळे मिटले, उघडले, आणि तीही अंगठा वर करून वळली. मी टॉर्च हलवून बाईंना खूण दिली. बाई आल्या, एक नजर टाकली, आणि आम्ही दोरीने परत.

वर आल्यावर लेक रडवेली. "आई, छोटे दोन होते गं माझ्याकडे!"

"दोन होते म्हणून तर परत आलो. एकही नसताना कुठून येणार होतीस?"

ती काहीतरी बोलणार, तेवढ्यात आम्हा दोघींच्या एकदम लक्षात आलं. "बाबा!" आम्ही इकडे, आणि हे तिकडे, दुसऱ्या तोंडाशी वाट बघतायत. लेक रबरी पोशाखातच, अनवाणी, जंगलातून पळत सुटली. थोड्या वेळाने दोघं आले. यांचा चेहरा पांढरा, आणि टॉवेल अजून काखेतच.

"मी तिकडे वर येणारं प्रत्येक डोकं बघत होतो," हे म्हणाले. "एक डोकं आलं, मी म्हटलं, आली. पुढे झालो. त्याला दाढी होती."

मला हसू फुटलं, मग यांना, मग बाईंना कुणी न सांगताच. हसता हसता मी रडलेही थोडी. परवा परतीचं विमान होतं, म्हणजे उद्याचा एकच दिवस उरला होता. बाईंनी माझ्या खांद्यावरचा पट्टा सोडवता सोडवता म्हटलं, "उद्या सकाळी पुन्हा, सेन्योरा. टॉर्च मी स्वतः तपासेन. तुमची मला आता काळजी नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी हे हटून बसले. "मी कुठल्याच तोंडाशी थांबणार नाही. तुमचा भरवसा नाही. या बाजूला थांबलो तर तुम्ही त्या बाजूला निघणार, त्या बाजूला थांबलो तर या. मी मधे उभा राहतो. वर आलात की हाक मारा, जिकडून येईल तिकडे येतो."

"बाबा, मधे जंगल आहे नुसतं."

"मग जंगलात उभा राहतो."

आणि खरंच त्यांनी बाईंना खुणा करकरून विचारून घेतलं, गुहा जमिनीखालून साधारण कुठून जाते. बाईंनी शेवरीसारखं एक जाड बुंध्याचं झाड दाखवलं. हे त्याखाली जाऊन छत्री उघडून उभे राहिले. त्या सावलीत ऊन नव्हतं, पाऊसही नव्हता. मी विचारलं नाही.

आम्ही आत गेलो. तीच दोरी, तीच झुंबरं, तोच मागचा निळा पडदा. लेकीचा प्रकाश माझ्या उजव्या हाताला भक्कम पडत होता. वळण आलं. मी वळले.

पुढे, लांब, अंधाराच्या तळाशी उजेडाची निळी चीर. सकाळी दाराखालून येते तशी. मी बोलायची थांबले नाही, पण काय बोलत होते ते आता आठवत नाही. बहुधा यांनाच सगळं सांगत होते, की बघा, हा उजेड असा आहे, हे दगड असे आहेत, तुम्ही आत्ता आमच्या डोक्यावर उभे असाल, छत्री घेऊन, जरा पाय न वाजवता उभे राहा. पाय मारावा तशी चीर रुंद होत गेली, तिची खिडकी झाली, खिडकीचं दार झालं, आणि त्या दारात उन्हाचे जाड सोट तळापर्यंत उतरले होते. माझे हात त्या उन्हात निळे दिसले. लेक शेजारी येऊन पोहायला लागली होती. तिने माझा हात धरला. तशी काही गरज नव्हती.

डोकं पाण्याबाहेर काढलं. कुणी नव्हतं. मुळं लोंबत होती, कुठला तरी पक्षी कर्कश ओरडत होता. बाई आणि लेक मुद्दामच जरा मागे थांबल्या होत्या. मी तोंडातली नळी काढली, साधी जंगलातली फुकट हवा छातीभर घेतली आणि सगळीच्या सगळी खर्चून हाक मारली.

"अहो!"

झाडीतून लगेच, अगदी जवळून, उत्तर आलं. "ओ! कुठून?"

"पलीकडून!"